बगरूतला वीगन स्वयंपाकाचा वर्ग

प्रत्येक मुलखाच्या स्वयंपाकात एखादा प्राणिजन्य पदार्थ असा असतो, की तो ताटात दिसत नाही आणि तरी जवळपास सगळीकडे असतो. थायलंडमध्ये माशांपासून केलेले ‘नाम प्ला’ हे खारे पाणी आणि कोळंबी आंबवून केलेली ‘कापी’ कच्च्या पपईच्या कोशिंबिरीपासून रश्श्याच्या वाटणापर्यंत पोचलेली असतात. जपानमध्ये ‘दाशी’ या रसाचा पाया बहुधा सुकवलेला बोनिटो मासा असतो, त्यामुळे नुसत्या भाज्यांचे सूपही वीगन असेलच असे नाही. राजस्थानात ही जागा तुपाची आहे आणि त्याच्या जोडीला दही व ताक. वीगन माणूस मांस, मासे, अंडी यांच्याबरोबर दूध, दुधाचे सगळे पदार्थ आणि मधही वर्ज्य मानतो. परक्या मुलखात गेलेल्या अशा प्रवाशाला उपाहारगृहाच्या यादीवरून फारसा बोध होत नाही. स्थानिक स्वयंपाकाच्या वर्गात मात्र तो स्वतः पातेल्याजवळ उभा असतो. कोणता जिन्नस केव्हा पडतो, किती पडतो आणि तो कोणत्या कामासाठी पडतो, हे त्याला डोळ्यांनी दिसते.

अशा वर्गांची चाल जगभर साधारण सारखीच असते. सकाळी बाजारात जाऊन भाजी आणि मसाले ओळखायचे, मग एखाद्या घराच्या किंवा छोट्या शाळेच्या स्वयंपाकघरात चार-पाच पदार्थ करायचे आणि शेवटी एकत्र बसून जेवायचे. बँकॉक आणि चियांग माई या शहरांत शाकाहारी व वीगन स्वयंपाकाचे वर्ग चांगले रुजले आहेत. जयपुरात हे काम बहुतेक घराघरांतून चालते. जयपूरपासून अजमेर रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या बगरूला प्रवासी येतो तो मात्र आधी लाकडी ठशांची छपाई पाहायला आणि शिकायला. दिवसभराच्या कार्यशाळेत दुपारचे जेवण कारागिराच्या घरी असते, आणि जेवणाआधी चुलीशी किंवा शेगडीशी घालवलेला तासभर हाच तिथला स्वयंपाकाचा वर्ग. त्याला छापील अभ्यासक्रम नसतो. घरात रोज जे शिजते तेच शिकायला मिळते, आणि वीगन प्रवाशाच्या दृष्टीने हीच त्याची मोठी बाजू आहे.

बगरूची छपाई करणारा छीपा समाज मराठी वाचकाला परका नाही. राजस्थानातील हिंदू छीपा स्वतःला नामदेव समाज म्हणवतात आणि संत नामदेवांना आपले आराध्य मानतात. नामदेवांचा काळ परंपरेने १२७० ते १३५० असा धरला जातो. ते उत्तरेत पंजाबातील घुमानपर्यंत गेले, त्यांची पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, आणि २०१५ साली याच घुमानला ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नामदेवांची एक गोष्ट महाराष्ट्रात लहान मुलांनाही ठाऊक असते: कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ती कोरडी खाऊ नकोस म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. ज्या घरात या संताची पूजा होते, त्या घरी जेवायला बसून ‘भाकरीवर तूप घालू नका’ असे सांगणे ही लहान मागणी नव्हे. तिच्यामागचे कारण नीट समजावून सांगावे लागते, आणि त्यासाठी आधी त्या घरात तूप कोणते काम करते हे पाहुण्याला कळलेले असावे लागते.

राजस्थानच्या स्वयंपाकात दुधाला एवढे स्थान मिळाले त्याचे मूळ पावसात आहे. अरवलीच्या पश्चिमेला पाऊस इतका थोडा, की शेतीपेक्षा गुरे, शेळ्या-मेंढ्या आणि उंट यांवर जगणे अधिक भरवशाचे होते. गुरे चरत दूर जाऊ शकतात, शेत जागचे हलू शकत नाही. जयपूर आणि बगरू ज्या ढूंढाड भागात येतात, तिथे पाऊस त्या मानाने बरा असला तरी प्रदेश निमकोरडाच आहे. पाणी जपून वापरायचे तर पीठ दुधात मळणे, रस्सा ताकात शिजवणे आणि अन्न तुपात परतणे सोयीचे पडे. तुपात केलेला पदार्थ टिकतोही जास्त, कारण तुपात पाण्याचा अंश जवळजवळ नसतो आणि जिवाणूंना वाढायला पाणी लागते. आजही दूध उत्पादनात राजस्थान देशातल्या पहिल्या दोन राज्यांत आहे. तेव्हा तूप-दही हा तिथे केवळ चैनीचा भाग नाही. ते स्निग्धता देतात, आंबटपणा देतात, पाण्याची जागा घेतात आणि पाहुण्याचा मान राखतात. यांपैकी कोणते काम कोणत्या पदार्थात चालले आहे हे ओळखले, की त्याला पर्याय शोधता येतो. नुसते ‘तुपाऐवजी काय घालू’ असे विचारले तर उत्तर मिळत नाही.

इथे कायद्याची बाजूही लक्षात घ्यायला हवी. ‘वीगन’ ही संज्ञा १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीगन सोसायटी स्थापन केली तेव्हापासून चालत आली. भारतात शाकाहाराची खूण म्हणून पाकिटावर हिरवा ठिपका असतो, पण त्या ठिपक्याच्या आत दूध, तूप, मावा, मध हे सगळे बसते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२२ साली वीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम केले. त्यांसाठी हिरव्या रंगात ‘व्ही’ अक्षर आणि त्यावर रोपाचे पान अशी वेगळी खूण ठरली. ही खूण कारखान्यात तयार झालेल्या पाकीटबंद मालासाठी आहे. बगरूच्या किराणा दुकानातून सुटी मिळणारी डाळ, पीठ आणि वाळवलेली भाजी तिच्या कक्षेत येत नाही. बिस्किटे, शेव, मसाल्याची पाकिटे घेताना मात्र घटकपदार्थांची यादी वाचणे उपयोगी पडते, कारण दूध हा ॲलर्जी आणणारा घटक असल्यामुळे त्याचा उल्लेख पाकिटावर करावा लागतो.

अनेक देशांत धर्माच्या उपवासाने वीगन प्रवाशाची वाट आधीच सोपी करून ठेवली आहे. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती दर बुधवारी, शुक्रवारी आणि मोठ्या उपवासांच्या काळात मांस, अंडी व दूध वर्ज्य करतात. त्यामुळे तिथे उपवासाचे जेवण मागितले, की इंजेरावर वाढलेली डाळी-भाज्यांची ताटली समोर येते. थायलंडमध्ये ‘जे’ नावाचे बौद्ध-चिनी परंपरेचे अन्न मिळते. त्यात प्राणिजन्य काही नसतेच, शिवाय कांदा-लसणासारखे उग्र जिन्नसही वगळतात. जपानमध्ये बौद्ध मठांतील ‘शोजिन र्‍योरी’ त्याच जातीची: तिथे दाशी माशाऐवजी कोम्बू हे समुद्रशैवल आणि वाळलेल्या शिताके अळंब्यांपासून काढतात. भारतात अशी सोय शोधू गेल्यास बहुतेक उपवासांत उलटच दिसते, कारण उपवासाला दूध आणि तूप आवर्जून चालते. याला एक ठळक अपवाद श्वेतांबर जैनांच्या आयंबिलाचा. आयंबिल करणारा दिवसातून एकदाच जेवतो आणि त्या जेवणात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांपैकी काहीही घेत नाही. वर्षातून दोनदा येणाऱ्या नऊ दिवसांच्या ओळीत अनेक जण एकत्र आयंबिल करतात आणि त्यासाठी वेगळी स्वयंपाकघरे चालतात. मुंबई-पुण्यातही ती आहेत. वीगन माणूस तेल आणि गूळ खातो, त्यामुळे आयंबिल आणि वीगन आहार एक नव्हेत. पण ज्या शहरात जैन समाज मोठा आहे अशा जयपूरच्या परिसरात, दुधाशिवाय जेवण करता येते ही कल्पना लोकांना अगदी अनोळखी नाही, आणि यजमानाला समजावताना तिचा आधार घेता येतो.

आता प्रत्यक्ष पदार्थांकडे. बगरूतल्या अशा वर्गात सगळ्यात आधी शिकावी अशी भाजी केर-सांगरीची. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे महाराष्ट्रातील शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो त्या झाडाच्या शेंगा राजस्थानात रोजच्या जेवणात असतात, हे मराठी प्रवाशाला तिथे गेल्यावरच ध्यानात येते. खेजडी १९८३ पासून राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. तिची मुळे खोल जातात, पाला गुरांना चारा होतो, तिच्या सावलीत बाजरी चांगली येते, आणि १८९९-१९०० च्या ‘छप्पनिया’ दुष्काळात माणसांनी तिची साल दळून खाल्ल्याच्या आठवणी राजस्थानात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवी आणि इतर बिश्नोई मिळून ३६३ जणांनी ही झाडे तोडू न देण्यासाठी प्राण दिले. केर हे नेपती या काटेरी झुडपाचे मटाराएवढे कडवट फळ. दोन्ही उन्हाळ्यात तोडून वाळवतात आणि वर्षभर वापरतात.

या भाजीत दूध नसते असे वाटते, पण ते एका आडवाटेने येते. केराचा कडूपणा काढण्यासाठी अनेक घरांत ताजी फळे काही दिवस ताकात मुरवतात. मिठाच्या पाण्यात मुरवलेले केर तितकेच चांगले होतात, वेळ थोडा जास्त लागतो. तेव्हा वाळलेले केर विकत घेताना ते ताकातले की मिठाच्या पाण्यातले, हे विचारून घ्यावे. पुढची कृती पूर्ण वनस्पतिजन्य आहे. केर आणि सांगरी वेगवेगळी रात्रभर भिजवायची, वाळू जाईपर्यंत चार-पाच पाण्यांतून धुवायची आणि मऊ होईपर्यंत उकडायची. सांगरी जास्त, केर कमी. मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवून जरा निवू द्यायचे, त्यात जिरे, ओवा, हिंग, अख्ख्या लाल मिरच्या, मग धणे, हळद आणि तिखट. उकडलेले जिन्नस त्यात परतून शेवटी आमचूर आणि हवे तर मनुका. रस्सा ठेवायचा नाही. तेल भरपूर, आंबट भरपूर आणि पाणी नाही, म्हणून ही भाजी उन्हाळ्यातही दोन-तीन दिवस राहते आणि प्रवासात शिदोरीला नेतात. शीतला अष्टमीला, म्हणजे बासोड्याला, आदल्या दिवशी शिजवलेले थंड अन्न खायचे असते, तेव्हाही केर-सांगरी असतेच. भोकरे (गुंदे), कुमटाचे बी यांसह ती ‘पंचकूटा’ म्हणून केली जाते.

तेलाबद्दल दोन शब्द इथेच. देशातील सर्वांत जास्त मोहरी राजस्थानात पिकते, आणि जयपूर ते भरतपूर हा तिचा मोठा पट्टा आहे. भरतपूरजवळ सेवर येथे मोहरीवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था त्यामुळेच आहे. महाराष्ट्रात मोहरीच्या तेलाचा उग्रपणा अनेकांना नको वाटतो. हा उग्रपणा दाण्यात तयार स्वरूपात नसतो. दाणा चिरडून त्याला ओल लागली, की एक विकर दाण्यातल्या गंधकयुक्त घटकाचे रूपांतर त्या झणझणीत द्रव्यात करते. तेल कडक तापवले की ते उडून जाते. तूप काढून घेतल्यावर राजस्थानी पदार्थाला जो स्वाद परत द्यावा लागतो तो शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचे तेल देऊ शकत नाही. मोहरीचे तेल तो देते, आणि ते तिथल्याच मातीतले आहे. तूप न वापरणाऱ्या वर्गाने हेच तेल मुख्य धरावे.

भाकरीच्या बाबतीत मराठी प्रवासी बगरूत घरी आल्यासारखा असतो. बाजरी देशात सर्वांत जास्त राजस्थानात होते आणि हिवाळ्यात तिची जाड रोटी रोज होते. बाजरीत ग्लूटेन नसल्याने पीठ ताणले जात नाही. म्हणून ते गरम पाण्याने एकावेळी एकाच रोटीपुरते मळतात आणि लगेच हातावर थापतात. पोळपाट-लाटण्याचे काम नाही. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश बराच असतो आणि दळल्यावर विकरांमुळे तो लवकर बिघडतो, म्हणून पीठ आठवडाभरापेक्षा जास्त ठेवले तर कडवट लागते. तव्यावरून काढलेल्या रोटीला बोटाने खड्डे पाडून त्यात तूप भरण्याची पद्धत आहे. त्याऐवजी गरम रोटीवर लसणाची चटणी आणि वरून कच्चे मोहरीचे तेल घातले, तरी कोरडेपणा जातो. चटणी म्हणजे भिजवलेल्या लाल मिरच्या आणि लसूण सिलबट्ट्यावर वाटून तेल सुटेपर्यंत परतलेली. काही घरांत शेवटी तिच्यात दही घालतात, तेवढे टाळायचे. जयपूरच्या आसपास जव, हरभरा आणि गहू एकत्र दळून केलेली ‘बेजड’ची रोटीही होते. कोरड्या शेतीतील मिश्र पिकांचे धान्य एकत्रच दळण्याची ती रीत आहे, आणि तिची चव बाजरीपेक्षा सौम्य असते. चिरलेल्या हिरव्या मिरच्या मोहरीच्या तेलात राई, बडीशेप, धणे आणि आमचूर घालून दहा मिनिटांत परतल्या, की ‘टिपोरे’ तयार होतात. बाजरीची रोटी, टिपोरे आणि तेलाची फोडणी दिलेली पाच डाळींची पंचमेल डाळ हे जेवण पूर्ण वीगन आहे.

खरी अडचण दह्याच्या पदार्थांत येते. बेसनाचे गट्टे हे त्याचे उदाहरण. बेसनात तेल, ओवा, तिखट आणि थोडे दही घालून घट्ट पीठ मळतात, त्याचे दांडे वळून पाण्यात उकळतात, तुकडे करतात आणि दह्याच्या रश्श्यात सोडतात. या रश्श्यात दही आंबटपणा देते आणि घट्टपणाही. दही तापले की फाटते. ते फाटू नये म्हणून त्यात थोडे बेसन कालवतात, कारण बेसनातील पिष्ट दह्यातल्या प्रथिनांना गोळा होऊ देत नाही. हे एकदा समजले की दही काढणे अवघड नाही. गट्टे उकळलेले पाणी फेकायचे नाही. त्यात बेसन उतरलेले असते, तोच रश्श्याचा पाया होतो. आंबटपणासाठी टोमॅटो आणि आमचूर, किंवा काचरीची पूड. काचरी म्हणजे काकडीच्या कुळातले अंड्याएवढे रानफळ. बाजरीच्या शेतात ते आपोआप उगवते. चकत्या वाळवून त्याची पूड करतात, आणि तिचा आंबटपणा लिंबापेक्षा खोल असतो. परदेशी पाहुण्याने सोबत न्यावी अशी राजस्थानातील एक गोष्ट निवडायची, तर ती काचरी. मराठी घरात झुणका आणि पिठले तेलात व पाण्यात होतातच, म्हणून गट्ट्यांचे दही काढल्यावर काही हरवले असे मराठी जिभेला फारसे वाटत नाही.

ज्यांना दह्याचीच चव हवी असते त्यांच्यासाठी शेंगदाण्याचे दही आहे. शेंगदाणे रात्रभर भिजवून, सोलून, पाणी घालून वाटायचे, गाळायचे आणि ते दूध मंद आचेवर उकळून कोमट होऊ द्यायचे. विरजण नसेल तर हिरव्या मिरच्यांचे देठ त्यात टाकून रात्रभर उबेत ठेवतात. देठांवर नैसर्गिकरीत्या असलेले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू ते दूध आंबवतात. पहिल्यांदा लागलेले दही पातळ असते, त्याचे विरजण पुन्हा वापरले की पुढचे घट्ट लागते. हे दही गरम रश्श्यात घातल्यास तेही फाटते, तेव्हा बेसनाची युक्ती तिथेही लागतेच.

आंबवलेल्या पदार्थांत ज्याला दुधाचा स्पर्शच नाही असा एक सुंदर पदार्थ होळीच्या सुमारास होतो: कांजीवडा. पाण्यात कुटलेली मोहरी, मीठ, हळद, तिखट आणि हिंग घालून मातीच्या किंवा काचेच्या बरणीत दोन-तीन दिवस उन्हात ठेवायचे. मोहरीचा झणझणीतपणा पाण्यात उतरतो, त्याचवेळी आंबण्याची क्रिया सुरू होते, आणि पाणी आंबट-तिखट होते. मुगाच्या डाळीचे वडे तळून, गरम पाण्यात बुडवून, हलके पिळून त्या पाण्यात सोडले की तयार. दहीवड्याच्या जागी हा पदार्थ मांडला तर दह्याची उणीव कुणाच्या लक्षातही येत नाही. एका दिवसाच्या वर्गात कांजी तयार होणार नाही, म्हणून यजमानाने ती आधी घातलेली असली पाहिजे. वर्गाची नोंदणी करताना हे सांगून ठेवावे. गोडासाठी गव्हाचे पीठ, गूळ आणि बडीशेप यांचे तेलात तळलेले गुलगुले होतात. थंडीत तिळाची गजक आणि तिळपापडी मिळते, त्यांतही बहुधा फक्त तीळ आणि गूळच असतो.

दाल-बाटी-चूरमा मात्र वीगन करण्याचा अट्टहास करू नये. बाटीच्या पिठात तेलाचे मोहन चालते आणि बाटी भाजली जाते. पण ती बुडवायची असते तुपात, आणि चूरमा म्हणजे कुटलेली बाटी, तूप आणि साखर-गूळ. इथे तूप हाच पदार्थाचा अर्धा भाग आहे. ते काढल्यावर उरते त्याला चूरमा म्हणण्यात यजमान आणि पाहुणा दोघांचेही समाधान होत नाही. घेवर या मिठाईचेही तसेच. ज्या स्वयंपाकात केर-सांगरी, बेजड, मंगोडीची (मूगडाळीच्या सांडग्यांची) भाजी, पापड, कांजी आणि टिपोरे आधीपासून आहेत, त्याला दुधाच्या पदार्थांच्या नकला करण्याची गरज पडत नाही. शिवाय बाटी पारंपरिक पद्धतीने शेणाच्या गोवऱ्यांवर भाजतात. ज्यांना जनावरापासून आलेले इंधनही नको असेल त्यांनी हे आधी जाणून घ्यावे.

बगरूचा वर्ग इतर ठिकाणच्या वर्गांपेक्षा वेगळा होतो तो छपाईमुळे. छापखान्यातले बरेचसे सामान किराणा दुकानातले आहे. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. काळा रंग, म्हणजे ‘स्याही’, तयार करण्यासाठी लोखंडाचे गंजलेले तुकडे आणि गूळ पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवतात आणि चिंचोक्याच्या पिठाने ते पाणी दाट करतात. हिरड्यातील टॅनिन आणि लोखंड भेटले की कापडावर पक्का काळा उमटतो. लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो, त्यामागे हीच रासायनिक क्रिया आहे. लाल नक्षीसाठीच्या ‘बेगर’मध्ये तुरटी असते. ‘दाबू’ या प्रसिद्ध तंत्रात काळी माती, चुना, गोंद आणि किडलेल्या गव्हाचे पीठ यांचा लगदा ठशाने कापडावर लावतात, वर लाकडाचा भुसा भुरभुरतात आणि कापड निळीच्या हौदात बुडवतात. लगद्याखालचा भाग पांढरा राहतो. गूळ, चिंचोका, गहू, हिरडा, डाळिंबाची साल, हळद: सकाळी जे हात रंगाच्या हौदात होते तेच दुपारी चुलीजवळ असतात. आपले कपडेही वीगन असावेत अशी इच्छा असणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असलेली बरी. कोऱ्या कापडाची खळ काढण्यासाठी जुन्या पद्धतीत तेल आणि सोड्याबरोबर जनावरांचे शेणही वापरत.

प्रवाशाने आधी काय सांगावे, हा यानंतरचा भाग. ‘मी शाकाहारी आहे’ एवढे पुरत नाही, आणि ‘वीगन’ हा शब्द गावात सगळ्यांना ठाऊक असेल असे धरू नये. जिन्नसांची नावे घेऊन बोलणे सर्वांत चांगले: “घी, दूध, दही, छाछ, मक्खन, पनीर, मावा, शहद, इनमें से कुछ नहीं लेता, सब तेल में बना दीजिए.” हे दोन दिवस आधी सांगावे, म्हणजे डाळीला तेलाची फोडणी पडते आणि चहा काळा किंवा लिंबाचा येतो, उन्हाळ्यात कैरीचे पन्हे मिळते. सांगताना आजाराचे कारण पुढे करू नये. गायी-म्हशींच्या दुधासाठी वासरांची होणारी आबाळ टाळायची आहे, हे साधे कारण राजस्थानातील घरांत समजून घेतले जाते. तिथे गायीविषयी आस्था आहे. तूप नाकारल्याने मान दुखावला जाईल असे वाटत असेल, तर पुन्हा एक रोटी मागून घ्यावी. भाकरी दुसऱ्यांदा मागितली, की वाढणाऱ्याच्या मनातली शंका जाते.

आठ-दहा दिवसांच्या प्रवासात वीगन आहाराने कसलीही कमतरता होत नाही. कायमचा वीगन आहार घेणाऱ्याला मात्र बी-१२ जीवनसत्त्व गोळीतून किंवा ते मिसळलेल्या पदार्थांतून घ्यावे लागते, कारण वनस्पतिजन्य अन्नातून ते पुरेसे मिळत नाही.

बगरूला जाण्याचा उत्तम काळ नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात कापड वाळत नसल्याने छपाई मंदावते, आणि बाजरी, मेथी, बथुआ, ओला लसूण हे सगळे थंडीतच मिळते. मार्चमध्ये गेल्यास कांजी आणि बासोड्याचे पदार्थ पदरात पडतात. वाळलेली सांगरी आणि केर जयपूरच्या परकोट्यातील, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातील, किराणा पेठांत सुटे मिळतात. सांगरी बारीक, एकसारखी आणि हिरवट-तपकिरी असावी. जाड आणि बिया फुगलेली असेल तर ती जून शेंगांची असते आणि शिजवूनही चिवट राहते. कोरड्या बरणीत ती वर्षभर टिकते. महाराष्ट्रात परतल्यावर शिजवताना आमचूर नसेल तर कोकम चालते, फक्त रंग लालसर येतो.